मांडवातील साक्षीदार : दिल्लीच्या ऐतिहासिक वास्तू आणि विवाहाची छायाचित्रे

दिल्लीच्या लाल किल्ल्यात १८५२ सालच्या एप्रिल महिन्यात एक राजविवाह झाला. अखेरचा मोगल बादशहा बहादुरशहा जफर आणि त्याची लाडकी बेगम झीनतमहल यांचा पुत्र मिर्झा जवानबख्त हा वर. वय अवघे अकराच्या आसपास. बादशहाची सत्ता त्या वेळी किल्ल्याच्या तटाबाहेर फारशी उरली नव्हती. तथापि मिरवणूक, रोषणाई आणि आतषबाजी यांत काहीही कसर ठेवण्यात आली नाही. मिर्झा गालिब आणि बादशहाचे काव्यगुरू जौक या दोघांनीही या प्रसंगासाठी सेहरे रचले, आणि त्या दोन सेहऱ्यांवरून जो वाद रंगला तो उर्दू साहित्याच्या अभ्यासकांना आजही ठाऊक आहे. त्या लग्नातले काव्य आपल्यापर्यंत पोहोचले; लग्न मात्र पोहोचले नाही. वधूच्या पाठीशी कोण उभी होती, मुदपाकखान्यात कोण राबत होते, बालवराच्या चेहऱ्यावर कोणते भाव होते, हे दाखविणारे एकही छायाचित्र आपल्यासमोर नाही.

त्यानंतर अवघ्या सहा वर्षांनी कॅमेरा दिल्लीत आला, तो लग्नासाठी नव्हे. १८५७ च्या उठावाचा बीमोड झाल्यावर १८५८ साली फेलिचे बिआटो या छायाचित्रकाराने तोफांनी भग्न झालेले दरवाजे आणि ओसाड पडलेल्या इमारती टिपल्या. त्याच वर्षी कैदेत असलेल्या वृद्ध बहादुरशहाचेही छायाचित्र घेतले गेले. ज्या वास्तूतले लग्न कोणी पाहून ठेवले नाही, तिची पडझड मात्र काचेवर कायमची उमटली. इतिहास हा असा पक्षपाती असतो. जे टिपले जाते त्याची नोंद राहते. उरलेले माणसांच्या आठवणींवर सोपवले जाते, आणि माणसे एकेक करून निघून जातात.

लाल किल्ला आपल्यालाही परका नाही. १७६० साली सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली तेव्हा पैशांच्या टंचाईपोटी दिवाण-ए-खासचे रुपेरी छत उतरवून वितळविले, हे आपल्याच इतिहासातील पान आहे. १७७२ साली मराठ्यांच्या पाठबळावर शाह आलम दिल्लीला परतला. आणि ११ सप्टेंबर १८०३ रोजी यमुनेपलीकडे पटपडगंजच्या रणांगणावर शिंद्यांच्या कवायती पलटणींचा पराभव होऊन दिल्लीतील मराठ्यांचा अंमल संपला. या घटनांची कागदपत्रे भरपूर आहेत. परंतु त्या काळात सरदारांबरोबर येथे आलेली कारकून, भिक्षुक, आचारी, शागीर्द ही मंडळी कशी राहिली, त्यांच्या मुलाबाळांची लग्ने कोठे व कशी लागली, याचे चित्र आपल्याला उभे करता येत नाही. वडिलोपार्जित वाडा नाही, गावच्या दप्तरात नोंद नाही, ग्रामदैवताच्या उत्सवातला मान नाही. परमुलखात राहणाऱ्या कुटुंबाची हीच उणीव असते. आपल्या पिढ्यांची गोष्ट निराळी असू शकते, कारण आपल्यापाशी छायाचित्रे आहेत. ती पुढील पिढ्यांसाठी पुरावा ठरतील काय, एवढाच प्रश्न आहे.

छायाचित्रण या देशात आले तेव्हापासून मराठी माणसाने त्यात रस घेतला. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांनी तिच्या कार्यात भाग घेऊन स्वतः छायाचित्रे घेतली. परंतु त्या काळचे तंत्रच असे होते की माणसाला स्वाभाविकपणे वावरताना टिपणे अशक्य होते. काचेवर ओले रसायन पसरावयाचे, ते वाळण्यापूर्वी चित्र घ्यावयाचे, आणि कित्येक सेकंदपर्यंत समोरच्या माणसाने पापणीही हलवावयाची नाही. मान हलू नये म्हणून तिच्यामागे लोखंडी आधार लावीत. आपल्या पणजोबा-पणजींच्या चित्रांतील चेहरे रागावल्यासारखे दिसतात त्याचे कारण स्वभावात नसून रसायनात आहे. पुढे तंत्र सुधारले. कोरड्या काचा आल्या, १८८८ साली कोडॅकचा हातात मावणारा कॅमेरा आला, १९२५ मध्ये लायका बाजारात आला. ताठ बसण्याची सक्ती संपली. सवय मात्र उरली. लग्नाच्या व्यासपीठावर नातेवाइकांच्या रांगा उभ्या करण्याची आपली रीत ही त्या जुन्या सक्तीचीच वंशज आहे.

या सवयीच्या उलट बाजूला जी दृष्टी उभी आहे तिला आजकाल डॉक्युमेंटरी पद्धत म्हणतात. बोलण्यात ‘कँडिड’ हा शब्द रूढ झाला आहे. अनुबोधपटाच्या धर्तीवर, घडत असलेल्या प्रसंगात ढवळाढवळ न करता, तो घडतो तसा टिपावयाचा, हे तिचे सूत्र. ही दृष्टी अगदी कालपरवाची आहे असे समजण्याचे कारण नाही. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे आपले सावेदादा, हे मुंबईतील व्यवसायाने छायाचित्रकार. त्यांनी विलायतेहून चलच्चित्रांचा कॅमेरा मागवून १८९९ मध्ये मुंबईत कुस्तीचा सामना टिपला आणि १९०१ च्या अखेरीस रँग्लर परांजपे यांच्या स्वागताचा सोहळा चित्रित केला. कोणालाही ‘असे उभे राहा’ न सांगता घडत्या प्रसंगाची साक्ष नोंदविणारा हा पहिला मराठी हात. त्यांच्या चित्रपटांच्या यादीत लॉर्ड कर्झन यांच्या १९०३ च्या दिल्ली दरबाराचाही समावेश केला जातो.

अशा न सजविलेल्या चित्राचे सामर्थ्य आणि त्याचा धोका या दोहोंचे उत्तम उदाहरण दिल्लीतच घडले, आणि त्याचा नायक मराठी होता. १२ डिसेंबर १९११ रोजी पंचम जॉर्ज यांच्या दरबारात बडोद्याचे सयाजीराव गायकवाड मुजऱ्यासाठी पुढे आले. दागिने उतरविलेले, साधा पांढरा पोशाख. त्यांनी एकदाच मान लवविली आणि सम्राटाकडे पाठ करून ते चालते झाले. कॅमेरे चालू होते. ती फिल्म लंडनच्या चित्रपटगृहांत झळकली आणि एकच गदारोळ झाला. हा हेतुपुरस्सर केलेला अपमान होता की गोंधळातून झालेली चूक? महाराजांनी दिलगिरीचे पत्र दिले. पण देशभक्तांना त्यात स्वाभिमान दिसला आणि साम्राज्यवाद्यांना राजद्रोह. आज शंभराहून अधिक वर्षे लोटली तरी अभ्यासक त्या काही क्षणांच्या फिल्मकडे पुनःपुन्हा वळतात. यातून एक धडा घ्यावयाचा तो असा, की कॅमेरा पुरावा देतो, अर्थ देत नाही. अर्थ शब्दांनीच द्यावा लागतो, आणि तो जाणणारी माणसे हयात असतानाच नोंदवून ठेवावा लागतो.

त्याच दरबाराशी एका विवाहाची कथाही निगडित आहे. सयाजीरावांची कन्या इंदिराराजे यांचा विवाह ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे यांच्याशी ठरला होता. दरबारानिमित्त दिल्लीत राजेरजवाड्यांचे तळ पडले असताना कुचबिहारच्या जितेंद्रनारायण यांच्याशी त्यांची ओळख वाढली. त्यांनी ठरलेले लग्न स्वतः मोडले आणि १९१३ मध्ये लंडन येथे जितेंद्रनारायण यांच्याशी विवाह केला. आईवडील त्या लग्नास उपस्थित नव्हते. दरबाराची अधिकृत छायाचित्रे पाहावीत तर हत्ती, अंबाऱ्या, तंबू आणि रांगेने बसविलेले नृपती दिसतात. एका एकोणीस वर्षांच्या मराठी मुलीच्या आयुष्याला त्या तळावर कोणते वळण मिळाले हे त्या रांगांतून कळत नाही. दिल्लीकर मराठी माणूस आजही इंडिया गेटजवळून जाताना बडोदा हाउस पाहतो. लटयेन्स यांनी गायकवाडांसाठी आखलेली ती वास्तू आता उत्तर रेल्वेचे मुख्यालय आहे. दगड उभे आहेत. त्यांच्या आश्रयाने घडलेल्या गोष्टी मात्र सांगणारा असेल तरच जिवंत राहतात.

वृत्तछायाचित्रणाची ही शिस्त दिल्लीत खऱ्या अर्थाने रुजविण्याचे श्रेय ज्यांच्याकडे जाते त्यांत होमाई व्यारावाला यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. १९१३ साली नवसारी येथे एका पारशी कुटुंबात जन्मलेल्या होमाईबाईंचे शिक्षण मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत झाले. १९४२ मध्ये त्या दिल्लीस आल्या आणि १९७० पर्यंत या शहरातील सत्तांतर, सोहळे, मेजवान्या, निरोप आणि अंत्ययात्रा त्यांनी टिपल्या. ‘डालडा १३’ हे त्यांचे टोपणनाव त्यांच्या मोटारीच्या क्रमांकावरून आले होते. अवजड कॅमेरा खांद्याला लावून त्या बाजूला उभ्या राहत आणि माणूस स्वतःला विसरेल त्या क्षणाची वाट पाहत. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींच्या प्रार्थनासभेस जाण्यासाठी त्या निघाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी पतीसह जावे असे ठरल्याने परत फिरल्या, आणि त्याची रुखरुख त्यांना जन्मभर राहिली. वृत्तछायाचित्रकाराची ही खरी जात. जो क्षण निसटला तो पुन्हा उभा करून दाखविता येत नाही, हे ती जाणते. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या छायाचित्रांचे सिंहावलोकनी प्रदर्शन झाले आणि २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण देण्यात आले.

निसटलेल्या क्षणाची एक घरगुती गोष्ट येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. माझ्या आईवडिलांचे लग्न १९६४ साली दिल्लीत, सरकारी वसाहतीच्या मैदानात शामियाना उभारून झाले. छायाचित्रकार जवळच्या बाजारपेठेतला. पंजाबी लग्नांचा त्याला गाढा अनुभव. ती लग्ने रात्रीची, विजेच्या झगमगाटातली, वरातीच्या धामधुमीतली. आमचे लग्न लागावयाचे होते सकाळी. त्याच्याजवळ १२० क्रमांकाच्या फिल्मची दोन रिळे, म्हणजे एकूण चोवीस चित्रे. फिल्म आयात होत असल्याने मोजूनमापून वापरावयाची, आणि फ्लॅशचा दिवा एकदा पेटला की जळून गेला. मंगलाष्टके चालू झाली. हा गृहस्थ ती गाणी संपण्याची वाट पाहत शांतपणे उभा राहिला. शेवटचे ‘सावधान’ झाले, अक्षता पडल्या, अंतरपाट दूर झाला, माळा पडल्या, वाजंत्री वाजली. आणि मग त्याच्या ध्यानात आले की जे टिपावयाचे ते होऊन गेले. त्याने पुढे होऊन विनविले, “पंडितजी, एक बार फिर परदा पकडिये.” गुरुजी पुण्याकडचे. त्यांनी अंतरपाटाची घडी घालीत उत्तर दिले, “अंतरपाट एकदा दूर झाला की पुन्हा धरीत नाहीत.” वडील ही हकीकत हसत हसत सांगत. आमच्या घरच्या अल्बममध्ये अंतरपाटाचे चित्र नाही ते असे नाही.

पण त्याच अल्बममध्ये एक चित्र आहे, बहुधा रीळ संपविण्यासाठी घेतलेले. मांडवाच्या कडेला नऊवारी नेसलेली एक प्रौढ स्त्री अक्षतांचे रिकामे ताट काखेत धरून उभी आहे. तिची दृष्टी वधूवरांकडे नाही. कनातीआडच्या चुलाण्याकडे, दूध उतू जाते की काय या काळजीने लागली आहे. मागे एक शीख गृहस्थ पाटावर मांडी घालून पंगतीची वाट पाहत बसले आहेत. साऱ्या अल्बममधले ते सर्वांत बोलके चित्र. त्यात १९६४ सालची दिल्ली आहे, शेजारधर्म आहे, परमुलखात लग्न उभे करणाऱ्या बायकांचे कष्ट आहेत. ती स्त्री कोण, हे आईला ठाऊक होते. तिने मला एकदोनदा सांगितलेही होते. मी ते लिहून ठेवले नाही. आता आई नाही, आणि विचारावे असे दुसरे कोणी उरलेले नाही. चित्राची मागची बाजू कोरी आहे.

पुढील काळात साधने वाढत गेली. बडोद्यास तयार होणारा आग्फाचा साधा ‘क्लिक थ्री’ कॅमेरा मध्यमवर्गीयांच्या घरात आला आणि काकामामांनी घेतलेली वेडीवाकडी परंतु जिवंत चित्रे अल्बममध्ये शिरली. १९८० च्या दशकात रंगीत छायाचित्रे आणि व्हिडिओ आले. २००० नंतर डिजिटल कॅमेऱ्याने चित्रांच्या संख्येवरचे बंधनच उठविले. चोविसांच्या जागी हजारो चित्रे आली. त्याच सुमारास लग्नाचे स्थळही बदलले. वसाहतीचे मैदान आणि मंडळाचे सभागृह यांच्या जोडीला किल्ले, हवेल्या आणि जुनी हॉटेले आली. दिल्लीच्या सिव्हिल लाइन्समधील मेडन्स हॉटेल १९०३ चे. जुन्या दिल्लीतील एकोणिसाव्या शतकातली हवेली धरमपुरा जीर्णोद्धारानंतर युनेस्कोच्या २०१७ च्या वारसासंवर्धन पुरस्कारांत गौरविली गेली. राजधानी क्षेत्राच्या राजस्थानकडील टोकाला नीमराणा येथील किल्ला. त्याची उभारणी १४६४ मध्ये सुरू झाली आणि १९९१ साली तो हॉटेल म्हणून खुला झाला. त्याच अलवरच्या मुलखात लासवारी येथे १ नोव्हेंबर १८०३ रोजी शिंद्यांच्या पलटणींनी लॉर्ड लेकशी अखेरची झुंज दिली होती. दिल्लीहून नीमराण्याला वऱ्हाड घेऊन जाणाऱ्या मराठी कुटुंबाने ही आठवण वाटेत मुलांना सांगावी.

येथे एक भेद लक्षात ठेवला पाहिजे. हुमायूनची कबर, कुतुब किंवा पुराना किल्ला ही संरक्षित स्मारके आहेत. १९५८ च्या कायद्यानुसार आणि त्याखालील १९५९ च्या नियमांनुसार तेथे सरकारच्या लेखी परवानगीवाचून मेजवानी अथवा स्वागतसमारंभ करता येत नाही. लग्ने होतात ती खाजगी मालकीच्या वा हॉटेलात रूपांतरित झालेल्या वास्तूंत. तेथेही जुन्या भिंतीला खिळा ठोकता येत नाही, आणि लाकडी छताखाली होम पेटवावा की अंगणात, हे आधी विचारून घ्यावे लागते.

ऐतिहासिक वास्तूत छायाचित्रकारापुढे एक मोह उभा असतो. भव्य कमान, उंच बुरूज, झरोक्यातून उतरणारा कवडसा. यांच्यापुढे वधूवरांना बाहुल्यांसारखे उभे केले की चित्र सुंदर येते. परंतु पन्नास वर्षांनी ते पाहणाऱ्याला त्यातून काय कळेल? किल्ल्याची चित्रे शेकड्यांनी उपलब्ध आहेत. त्या किल्ल्याच्या पायऱ्या नऊवारीचा ओचा सावरीत चढणाऱ्या आजीचे चित्र मात्र जगात एकच असणार. वास्तू पार्श्वभूमीला राहावी आणि माणसे पुढे यावीत, हे डॉक्युमेंटरी पद्धतीचे मर्म आहे. आपल्या विवाहविधीला ही पद्धत विशेष मानवते, कारण आपले लग्न बहुधा दिवसाउजेडी लागते आणि अंगणात वा ओसरीवर पुरेसा नैसर्गिक प्रकाश असतो. डोळे दिपविणाऱ्या दिव्यांची गरज नसते, आणि छायाचित्रकार कोपऱ्यात उभा राहून आपले काम निमूटपणे करू शकतो.

तथापि त्याला आपला विधी ठाऊक असेल असे गृहीत धरू नये. आमच्या घरी १९६४ मध्ये जे घडले ते आजच्या किमती कॅमेऱ्यानेही घडू शकते. म्हणून घरातील एका जाणत्या व्यक्तीने आदल्या दिवशी त्याच्याजवळ बसून क्रम समजावून द्यावा : गौरीहर पूजणारी एकटी वधू, मामाने तिला मांडवात आणणे, अंतरपाट, शेवटच्या मंगलाष्टकाची खूण, कन्यादान, लाजाहोमाच्या वेळची वधूच्या भावाची कानपिळी, सप्तपदी, सूनमुख. कोणत्या वेळी कोणाच्या चेहऱ्याकडे पाहावे हेही सांगावे. अंतरपाट दूर होताना सारे वधूवरांकडे पाहतात. खरे पाहण्यासारखे चेहरे त्या वेळी आईवडिलांचे असतात. रुखवत मांडणाऱ्या मावश्या, पंगतीत आग्रह करणारे काका, आचारी, सनईवाला, यांचीही चित्रे घ्यावयास सांगावे. व्यासपीठावरील रांगेची चित्रेही अवश्य घ्यावीत, कारण कोण कोण आले होते याची ती हजेरीपत्रके असतात. परंतु तेवढ्यावर थांबू नये.

आणि त्यानंतरचे काम छायाचित्रकाराचे नसून आपले आहे. जुन्या कृष्णधवल प्रती चांदीच्या कणांच्या असल्यामुळे दीर्घकाळ टिकतात. १९७०-८० च्या सुमाराच्या रंगीत प्रती मात्र अंधारातही विटतात आणि तांबूस होत जातात. त्यांच्या नकला लवकर करून घ्याव्यात. चिकट पानांच्या अल्बममधील गोंद चित्रांना अपाय करतो. त्यांतून ती हलक्या हाताने सोडवावीत. चित्राच्या मागे मऊ पेन्सिलीने नाव, नाते, गाव, तारीख आणि स्थळ लिहावे. शाईचे पेन वापरू नये. संगणकावरील हजारो चित्रांतून शंभर निवडावीत, त्यांना नावे द्यावीत आणि त्यांच्या प्रती निदान दोन-तीन ठिकाणी ठेवाव्यात. नाव नसलेली दहा हजार चित्रे आणि एकही चित्र नसणे यांत नातवंडांच्या दृष्टीने फारसे अंतर नसते.

नोकरीनिमित्त कोणी सचिवालयात आले, कोणी रेल्वेत, कोणी सैन्यात, कोणी अलीकडे गुडगाव-नोएडाच्या कंपन्यांत. पहाडगंज, करोलबाग, सरोजिनीनगर, रामकृष्णपुरम् अशा वस्त्यांतून आपली बिऱ्हाडे पसरली, बदल्यांबरोबर हलली, निवृत्तीनंतर कित्येक महाराष्ट्रात परतली. येथील मराठी समाजाचा इतिहास जेव्हा कोणी लिहील तेव्हा त्याला सभांची इतिवृत्ते मिळतील, अध्यक्षांच्या नामावळ्या मिळतील, या स्मरणिकाही मिळतील. पण आपण कसे जगलो, एकमेकांच्या कार्याला कसे धावून गेलो, हे त्याला आपल्या लग्नांच्या चित्रांतच शोधावे लागेल.

म्हणून सुवर्णमहोत्सवाच्या या वर्षी मंडळाला एक विनंती आहे. ग्रंथालयातील एक कपाट सभासदांच्या जुन्या छायाचित्रांच्या नकलांसाठी राखून ठेवावे, आणि महिन्यातून एका रविवारी वडीलधाऱ्यांना बोलावून ती चित्रे त्यांच्यापुढे मांडावीत. एकाने विचारावे, दुसऱ्याने लिहून घ्यावे. पहिल्या रविवारी मी आमचा अल्बम घेऊन येईन. १९६४ साली दिल्लीत असलेल्यांपैकी कोणाला कदाचित ती नऊवारीतली स्त्री ओळखता येईल. पेन्सिल मी बरोबर आणीन.